अध्यक्षाच्या रकान्यात मरीआई

आक्का, तुझ्या तेराव्याला गयाबाई हसली. मीच आधी सांगून टाकते, नाहीतर दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगेल.

मी तिथं नव्हते. मी इकडं रायपूरला, रोलिंग मिलच्या मागच्या चाळीत, स्वयंपाकघराच्या फळीवर फोन टेकवून बघत होते. शबानानं तिकडं व्हिडिओ कॉल लावून फोन मरीआईच्या ओट्याच्या खांबाला उभा करून ठेवला होता. त्यामुळं मला सगळ्यांचे पाय आणि गयाबाईचं अर्धं तोंड एवढंच दिसत होतं. धावड्याहून तुझे एक चुलतभाऊ आले होते, ते लांब होते म्हणून तेवढे पुरते दिसले, पांढरी टोपी, हात जोडलेले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आमची सरू अत्यंत शांत स्वभावाची होती. तिनं कधी कुणाला मोठ्या आवाजात बोललेलं आठवत नाही."

गयाबाईच्या अर्ध्या तोंडावर पदर गेला. पदर हलायला लागला. मंग शबानाचे पाय दिसेनासे झाले, ती उठून खांबामागं गेली असणार. मंग सगळ्यांचाच बांध फुटला. भाऊ बिचारे तसेच हात जोडून उभे. मी इकडं इतकी हसले की वरण उतू गेलं. आमचे हे रात्रपाळी करून झोपले होते, ते घाबरून उठून आले. "काय झालं?"

"आक्का शांत होती म्हणे."

ते तुला दोन-चारदाच भेटले असतील. तेही भिंतीला धरून हसले.

आक्का, तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते असं. रडणं त्याच्या आधी पुष्कळ झालं होतं, ते इथं लिहीत नाही.

हसून झाल्यावर मात्र सगळ्या ओट्यावरच्या कागदाकडं वळल्या. पालिकेचा. स्थानिक कला मंडळांना सांस्कृतिक अनुदान द्यायचं आहे, अर्ज करा, मुदत शुक्रवारपर्यंत. इतकी वर्षं त्या अर्जावर अध्यक्ष म्हणून तुझं नाव आणि तुझा अंगठा. आता नवीन नाव लागणार, आणि इतक्या बायकांना मिळून एक नाव सुचेना. गयाबाईचं नाव निघालं तर शबाना म्हणाली, "मंग ढोलकी कोन वाजवतं ते पाह्यते मी." शबानाचं निघालं तर गयाबाईला एकदम कमी ऐकू यायला लागलं. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, "आक्काला तर नंदाच पायजे होती." फोन खांबावरून उचलला गेला आणि एवढ्या सगळ्या जणी एकदम माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

मी म्हणाले, "परवा सांगते."

माझ्या नावाचा अर्ज गेला नाही तर अर्जच जाणार नाही, हे मला कळतं. आणि यंदा अर्ज गेला नाही तर आपलं भारूडाचं मंडळ मोडेल, हेही कळतं. पैशासाठी मोडेल असं नाही. आपण पैशाच्या आधीपासून नाचतोय. पण ज्या वर्षी आपल्याला एक नाव ठरवता आलं नाही, त्या वर्षानंतर कोण कुणाच्या दारात जाणार? गयाबाई तर शेजारणीशी मुलाच्या बारशापासून नातवाच्या बारशापर्यंत अबोला धरणारी बाई. तुला विचारावं तर तू नाहीस. म्हणून लिहायला बसले. शबाना म्हणाली, तुला यायला जमंना तर आक्काला जे सांगायचं ते लिहून पाठव, रविवारी ओट्यावर मी वाचून दाखवते. शबाना, हळू वाच. आणि गयाबाईला मधे बोलू देऊ नकोस.

आक्का, तुझं माझ्याशी पहिलं वाक्य आठवतं का? मी बदनापूरकडून लग्न होऊन जुना जालन्यात आल्ते. घरात बसून जीव घाबरायचा, म्हणून ठोक दुकानामागच्या गोदामात धान्य निवडायला यायला लागले. पहिल्याच दिवशी हरभरा होता. मी एक सूप निवडलं, परत निवडलं, परत तिसऱ्यांदा बघायला लागले. तू समोरून ओरडलीस, "ए पोरी, तू हरभरा निवडून राह्यली का त्याची पूजा करून राह्यली?"

सगळं गोदाम हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू उठून आलीस, माझ्या सुपात हात घातलास, मूठ उघडून बघितलीस, आणि परत जाऊन बसलीस. दुपारी भाकरी खाताना मात्र मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बियाण्याचा माल ह्या पोरीकडं देत जा. हिच्या सुपात खडा सापडंना."

तुझा आवाज! तुझे वडील मेंढरं राखायचे, आणि तू लहानपणी ह्या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या मेंढराला हाक मारायचीस. तीच हाक तू गोदामात आणलीस. सोयाबीन निवडताना तू गाणं सुरू करायचीस. गाणं कसलं, नळावरचं भांडणच ते, एकटीच दोन्ही बायकांची, शिव्यांच्या जागी भाज्यांची नावं घालून. "तू दोडक्या, तुझा नवरा भोपळा." गयाबाई तिथून उत्तर द्यायची. असं करता करता एका आषाढात तुम्ही मरीआईच्या ओट्यावर ते भांडण धोतरं नेसून केलंत, काजळानं मिशा काढून, आणि आपलं मंडळ झालं. दाणेवाल्या बायकांचं सोंगी भारूड मंडळ. मी पहिल्या वर्षी नुसती टाळ घेऊन मागं उभी होते. दुसऱ्या वर्षी तू मला जावई केलंस. "तुला भ्या वाटतं ना, मंग सासरी आलेला जावईच हो. त्यालाबी लई भ्या वाटतं."

त्या भूमिकेवर लोक हसायचे, आणि मला अजून कळत नाही त्यात माझं नाटक किती होतं.

आणि अध्यक्षपद. नवीन बायकांना हे माहीत नाही, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी तू आणि गयाबाई दोघींनाही पुढं उभं राहायचं होतं. चार दिवस गोदामात बोलणं बंद, दोघी एकमेकींकडं पाठ करून तूर निवडत बसलेल्या. पाचव्या दिवशी तू घरून एक पाट आणलास. त्यावर हिरवा खण अंथरलास, नारळ ठेवलास, आणि म्हणालीस, "म्होरं आपल्यातलं कुनीच न्हाई. म्होरं मरीआई. तीच अध्यक्ष." गयाबाईला नाही म्हणता येईना. देवीला कोण नाही म्हणणार?

तेव्हापासून सोंग सुरू करण्याआधी पाटाकडं तोंड करून म्हणायचं, "अध्यक्षबाई, परवानगी." मंग तू वाकून पाटाला कान लावायचीस. गावभर सगळ्यांना ठाऊक की आता काय होणार. तू उठून गंभीर तोंडानं सांगायचीस, "अध्यक्ष म्हन्तात, गयाबाईनं आज निम्मंच ओरडावं." किंवा, "अध्यक्ष म्हन्तात, मागच्या बारीला शबानानं ढोलकी मधीच सोडून चहा पिला." शबाना म्हणायची, "अध्यक्षांना सलाम सांगा, पर चहा त्यांनीच पाठवलता." तुझ्या तोंडून जे ऐकून भांडण झालं असतं, ते देवीच्या तोंडून ऐकून सगळ्या हसायच्या. असं तू आम्हाला वर्षानुवर्षं सरळ केलंस. एकीलाही वाटलं नाही की तू पुढं आहेस.

मंग तो पालिकेचा कागद आला. पहिल्यांदा आला तेव्हा शबानाच्या नवऱ्यानं दुकानातून आणून दिला होता. भारूड, भजन, लेझीम, नाटक, कुठलंही स्थानिक मंडळ. नोंदणी नसेल तर पदाधिकाऱ्यांची यादी आणि ठराव जोडा. अट अशी की अनुदान मिळाल्यावर शहरातल्या वस्त्यांमध्ये तीन प्रयोग मोफत करायचे. तू डोळे वटारलेस. "मोफत? आजवर काय तिकीट लावून केलं का?"

अर्ज लिहायला मी. का? तर माझं अक्षर. शाळा सुटली पण अक्षर सुटलं नाही. मी नुसतं लिहिलं तर तू शेजारणींना बोलावून दाखवायचीस, जशी काही तूच ते काढलंस. मला कागदाची भीती वाटते, आक्का. रकाना दिसला की काही चुकलं तर शिक्षा होईल असं वाटतं. म्हणून मी त्या दिवशी ठरवलं की एकही रकाना रिकामा सोडायचा नाही आणि एकही अक्षर खोटं लिहायचं नाही. मी विचारत गेले, तू सांगत गेलीस.

अध्यक्षाचे नाव: मरीआई. पत्ता: ओटा, लिंबाखाली, जुना जालना. वय: सांगता येत नाही. व्यवसाय: राखण करणे. शिक्षण ह्या रकान्याशी आपण दोघी थांबलो. तू म्हणालीस, "तिला सगळं येतं, तसंच लिव्ह." मी लिहिलं, "सर्व." भ्रमणध्वनी: तुझा नंबर. ह्यात काही वावगं आहे असं तुला वाटलं नाही, गयाबाईला वाटलं नाही, आणि मला, जिला सगळ्याच्यात वावगं वाटतं, मलासुद्धा वाटलं नाही. खरं तेच तर लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी मरीआईला फोन आला. "अध्यक्षांना कार्यालयात पाठवा."

आपण चौघी गेलो. तू, गयाबाई, शबाना, आणि मी गयाबाईच्या पाठीमागं. त्या खोलीत एक चष्मेवाले साहेब होते, समोर आपला अर्ज. त्यांनी विचारलं, "ह्यांच्यातल्या अध्यक्ष कोण?"

"त्या आल्या न्हाईत," तू म्हणालीस.

"का?"

"त्या ओटा सोडत न्हाईत."

"आजारी आहेत?"

"त्यांना काय धाड भरली? त्याच दुसऱ्याला बरं करतात."

साहेबांनी अर्ज जवळ ओढला. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. राखण करणे. सर्व. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे कुणी लिहिलं?" मी गयाबाईच्या पदराआड आणखी सरकले. "अक्षर फार छान आहे," ते म्हणाले, "पण आधार कार्डाची प्रत लागते. आणि सही."

गयाबाई मदतीला गेली. "साहेब, फोटू तर आमच्याकडं लई हायत तिचे. अंगठा कसा घ्यावा तेवढं सांगा."

साहेबांनी तो विषय बाजूला ठेवला आणि जोडलेले फोटो काढले. "बरं, हे महिलांचं मंडळ म्हणता. ह्या फोटोत तर सगळे पुरुष दिसतात."

मला वाटलं संपलं. आता आपल्यावर खोटा अर्ज केला म्हणून काहीतरी होणार. तू मात्र कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढलीस. शबानाला म्हणालीस, "धर." तिनं डबी धरली. तू तिथंच, त्या खोलीत, बोट बुडवून ओठावर एक फर्राटा ओढलास, दुसरा ओढलास, टोकं वर वळवलीस, डोक्यावरचा पदर काढून फेट्यासारखा गुंडाळलास आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "आता कोन दिसून राह्यलं?"

दारात शिपाई येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं आणखी तिघं. साहेबांनी तुझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "आमचे मोठे साहेब."

शिपायाला खुर्ची धरावी लागली.

तो माणूस चांगला होता, आक्का. नंतर त्यानं चहा मागवला आणि तुला नीट समजावून सांगितलं, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं. "आजी, देवीला माझा नमस्कार आहे. पण अनुदान दिल्यावर प्रयोग झाला का, कुठं झाला, हे मी कुणाला विचारू? पत्र कुणाच्या नावानं धाडू? मला उत्तर देणारं एक माणूस पाहिजे. माणसाचं नाव आणा, अर्ज मी स्वतः पुढं पाठवतो."

परत येताना आपण ऑटोत बसलो. मिशी पुसायची राहून गेल्ती, ऑटोवाला आरशातून सारखा बघत होता. कपडा गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तू म्हणालीस, "बराबर बोलला तो. उत्तर द्यायला मानूस लागतं."

आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना बोलावलंस. पाट मांडलास. वाकून कान लावलास. त्या दिवशी तू जास्त वेळ वाकून राहिलीस. उठून म्हणालीस, "अध्यक्ष म्हन्तात, कागदावर नंदाचं नाव लिव्हा."

मी कधी तुझ्यापुढं तोंड वर केलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "अध्यक्षांना सांगा, मला न्हाई जमायचं."

गयाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बया, देवीला न्हाई म्हन्ली ही!"

तू म्हणालीस, "म्हनू दे. देवीला सवय हाय. मला न्हाई."

आठ दिवस तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. शेवटी नाइलाजानं कागदावर तुझं नाव गेलं. साहेबांच्या टेबलाशी तू बसलीस, साहेब विचारून विचारून भरत होते. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, निरंक. तू विचारलंस, "काय लिव्हलं?"

"म्हणजे काही नाही, असं."

"कामून काही न्हाई? दाने पारखते, तसं लिव्हा."

साहेबांनी निरंक खोडून लिहिलं, धान्याची पारख. बाजूला सही केली. तू अंगठा उठवलास आणि बोट पुसायला त्यांच्याच टेबलावरचा कागद घेतलास. तुला किती सोपं होतं ते, आक्का. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि मला रडू येत होतं, का ते तुला सांगितलं नाही.

आता सांगते. मी नाही म्हणाले ते त्या एका रकान्यासाठी. मी सगळ्यांना सांगितलं होतं, घरचं काम आहे, ह्यांची पाळी आहे, पोर लहान आहे. खरं कारण, मला तिथं आठवी लिहावी लागली असती. आठवीसुद्धा पुरी नाही, दिवाळीनंतर गेलेच नव्हते. इथं रायपूरला पोरीच्या शाळेच्या अर्जात आईचं शिक्षण म्हणून मी दहावी लिहून बसले आहे. रोज वाटतं, आज बोलावतील, आज विचारतील. चष्मेवाल्या साहेबांसमोर एवढ्या सुंदर अक्षरात आठवी लिहायची मला लाज वाटली. आणि तू शेजारी बसून निरंकाचं धान्याची पारख करून घेतलंस. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस, मंग मला जवळ घेतलं असतंस, मंग गल्लीभर केलं असतंस. तिसऱ्याच्या भीतीनं मी पहिली दोन गमावली.

अनुदान मिळालं. त्या पाहणीच्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात परत आला नाही. साहेब दोन माणसांना घेऊन प्रयोग बघायला आले, ओट्यासमोर खुर्च्या मांडल्या, मागं कापडी फलक, पालिकेच्या सहकार्याने. नवीन धोतरं, नवे फेटे, ढोलकीला नवीन पान, आणि एक मोठा स्पीकर. तुझ्यासमोर माईक आणला तर तू तो लांब सरकवलास. "हे ज्याला आवाज न्हाई त्याला द्या." मला दिला.

तुला आठवतं ना, मी जावई होऊन आत आले आणि माझी अर्धी मिशी घामानं गालावर आल्ती? मी वाक्य विसरले. खरोखर विसरले. समोर साहेब, हातात त्यांचा कागद. मी उभीच. तू सासरा होतीस. तू माझ्याभोवती एक चक्कर मारलीस आणि लोकांकडं वळून म्हणालीस, "पाव्हना मुका दिला का काय आपल्याला? स्वस्तात मिळाला तव्हाच मला शंका आल्ती."

लोक खुर्च्यांवरून खाली येईपर्यंत हसले. मंग मला माझं वाक्य आठवलं, आणि त्याच्यामागची सगळी आठवली, आणि काही तर मी नवीनच बोलले. तू सोंगात होतीस तरी तुझे डोळे चमकलेले मी बघितले. घरी जाताना तू म्हणालीस, "ज्याला भ्या वाटतं त्यालाच म्होरं बसवावं. निर्भय मानूस कुनाला इचारत न्हाई. भिनारं मानूस धा वेळा इचारतं, तवा एक करतं." मी म्हणाले, "आक्का, त्याला पुढारी म्हणत नाहीत, त्याला डोकेदुखी म्हणतात." तू म्हणालीस, "मंग आजवर तुम्ही मला काय म्हनत होता?"

हा वाद आपला तिथंच राहिला. मंग ह्यांना रायपूरच्या मिलमध्ये काम लागलं आणि आम्ही इकडं आलो. इथं बोलायला हिंदी, भाजीवाली छत्तीसगढी, पोरगी दोन्ही भाषांत मला हसते. पण दर वर्षी आषाढात मी गाड्या बदलत बदलत जालन्याला येत राहिले, जावई व्हायला. ह्यांच्या मिलमधले लोक विचारतात, बायको कुठं गेली. हे सांगतात, सासरी गेली, जावई आहे ती. त्यांना वाटतं मराठीत असंच बोलतात.

आणि दर आठवड्याला तुझा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "अध्यक्ष कव्हा व्हायलीस?" मी म्हणायचे, जेवलीस का. तू म्हणायचीस, इषय बदलू नको. शेवटचा फोनही तसाच. तू म्हणालीस, "औंदा तुझंच नाव लिव्हते मी, मला इचारू बी नको." मी म्हणाले, "आक्का, मी एवढ्या लांब, तिथल्या कागदावर माझं नाव कसं चालेल?" तू म्हणालीस, "लांब हायेस म्हनून तर कुनाच्या बाजूची न्हाईस." मी काही म्हणणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "ठेव, कुकर झाला माझा." एवढंच. त्यानंतर दोन दिवसांनी तू दुपारी जेवून लवंडलीस ती उठलीच नाहीस. निरोप घेण्यासारखं काही बोललीस असं मला कुठं सांगता येत नाही. कुकर झाला, म्हणालीस.

मला यायला मिळालं नाही. गाडी मिळून मी पोचेपर्यंत सगळं झालं असतं, आणि पोरीची परीक्षा होती. ह्याबद्दल तू माझ्यावर रागावलीस का? मी तीन रात्री हाच विचार केला. मंग मला वाटलं, तू रागावली असतीस तर मला इथपर्यंत ऐकू आलं असतं.

काल मी ह्यांना विचारलं, "मी करू का?" हे बूट घालत होते. म्हणाले, "कर की. मला काय, मी अध्यक्षांचा नवरा."

मी शबानाला फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन गयाबाईनं हिसकावून घेतला. "झाला का भाव खाऊन?"

"एक सांगते, गयाबाई. पाट तसाच राहील. परवानगी तशीच घ्यायची. कागदावर तेवढी मी."

"मंग पाटाला कान तू लावशील का आता?"

"न्हाई. मला ऐकू येत न्हाई तसं. मला जे वाटंल ते मी सरळ सांगीन."

"सरळ!" गयाबाई सगळ्यांना ओरडून म्हणाली, "ऐका गं, ही भागूबाई आता सरळ सांगनार म्हन्ती!" आणि मागं सगळ्या हसल्या, आणि मंग गयाबाई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "सांग बाई. कुनीतरी सांगत जा आता मला. सरू गेल्यापासून मला कुनी गप बस म्हन्लं न्हाई."

मी म्हणाले, "गयाबाई, गप बस."

ती रडली आणि हसली, कुठलं कधी ते फोनवर कळंना.

शबानानं अर्जाचा फोटो पाठवला. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. संध्याकाळी पोरगी शेजारी अभ्यासाला बसली होती, ती वाचत होती मी काय लिहिते ते. नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढच्या रकान्यात आठवी लिहिलं, आणि अपूर्ण हा शब्दही लिहिला. पोरगी म्हणाली, "मम्मी, तू तो दसवी है ना?" मी म्हणाले, "नाही. तुझ्या शाळेतही परवा जाऊन सांगणार आहे." तिनं कागद आपल्याकडं ओढला. मंग म्हणाली, "आठवीची असून इतकं भारी अक्षर?" आणि आपल्या वहीकडं वळली. एवढंच झालं, आक्का. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होते.

आज सकाळी अर्ज पाकिटात घातला. पण कुरिअरला द्यायच्या आधी मला खरं ते सांगून टाकायचं होतं. मी जालन्यात राहत नाही, आधार कार्ड तिथलं आहे पण चूल इथं आहे. चालत असेल तर चालेल म्हणा, नसेल तर आत्ताच नाही म्हणा. म्हणून अकरा वाजता पालिकेत फोन लावला. लावण्याआधी गॅस बंद केला, कडी लावली, परत गॅस बघितला. घंटी वाजत राहिली. मी दोनदा तोडणार होते.

"हॅलो," चष्मेवाल्या साहेबांचाच आवाज. "कोण बोलतंय?"

एरवी मी म्हटलं असतं, मी नंदा, ती अक्षरवाली, आक्काच्या बरोबर यायची ती. तसंच तोंडात आलंही होतं.

"अध्यक्ष बोलते," मी म्हणाले. "दाणेवाल्या मंडळाची."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांना तुझं कळलं होतं बहुतेक.

"बोला, अध्यक्षबाई," ते म्हणाले.

आणि आक्का, मी बोलले. पाहणीच्या दिवशी मी हजर पाहिजे, बाकी चालेल, असं ते पहिल्याच मिनिटाला म्हणाले. त्यानंतर मी त्यांना आणखी दहा प्रश्न विचारले.